दोन रंगांचे काटे

१

इल्दे सापडली आणि कोंबेत गावाचा जीव भांड्यात पडला. मेलेली पोर सापडल्यावर जीव भांड्यात पडतो ते गाव कसलं, असं कुणी विचारेल. पण तिच्या मनगटावर मादाम कालाम यांचं सोन्याचं घड्याळ होतं. म्हणजे अख्खा हिवाळा गाव जे बोलत होतं तेच खरं निघालं होतं: इटलीची पोरगी चोर होती. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला मढ्याचंही फारसं वाईट वाटत नाही.

झालं होतं ते असं. नोव्हेंबरात मादाम कालाम यांचं मनगटी घड्याळ मागं पडायला लागलं. मादाम म्हणजे घड्याळाच्या कारखान्याच्या मालकीणबाई. त्यांनी ते रुमालात बांधून मोलकरणीच्या, म्हणजे इल्देच्या हाती दिलं आणि म्हाताऱ्या युलिसकडे साफ करायला धाडलं. हे घड्याळ युलिसनंच तरुणपणी मादामच्या लग्नासाठी घडवलेलं, त्यामुळे दुसरीकडे पाठवायचा प्रश्नच नव्हता. इल्दे गेली ती परत आलीच नाही. युलिसनं सांगितलं, माझ्याकडे कुणी आलं नाही. गावानं ठरवून टाकलं की पोरगी घड्याळ घेऊन सीमेपार पळाली.

मे महिन्यात लाकूडतोड्यांना ती वरच्या रानातल्या बर्फाच्या खड्ड्यात दिसली. त्या खड्ड्यात भर उन्हाळ्यातही बर्फ असतो, एके काळी गाव तिथूनच बर्फ कापून आणायचं. डोक्याला मोठी जखम, अंगात निळा कोट, मनगटावर ते घड्याळ. दोनच दिवसांत पोलिसांनी बोर्तोलोला धरलं. बोर्तोलो म्हणजे तिच्याच गावचा गवंडी, इथं कामाच्या मोसमापुरता यायचा. दोघांचं लग्न ठरलं होतं आणि ती नाहीशी व्हायच्या आदल्या आठवड्यात ती दोघं रस्त्यात भांडताना कुणीतरी पाहिली होती. लुटीवरून भांडण, रागाच्या भरात धोंडा, संपलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला परका माणूस फार सोयीचा असतो.

हे सगळं ओदीलनं ऐकलं होतं आणि हळहळून सोडून दिलं होतं. ओदील म्हणजे युलिसची सून. बायकांच्या लहान घड्याळांत केसाइतकी बारीक स्प्रिंग बसवून त्यांची चाल लावायची, हे तिचं काम. खिडकीपाशी टेबल, टेबलावर भिंग, दिवसभर मान खाली. इन्स्पेक्टर जाको दारात आला तेव्हाही ती तशीच बसली होती. नवरा आर्मां कारखान्यात गेला होता. म्हातारा शेगडीजवळच्या खुर्चीत होता.

जाको हा गुबगुबीत, सर्दीनं कायम बेजार असलेला माणूस. त्यानं खिशातून पुडी काढली आणि ते घड्याळ टेबलावर ठेवलं. म्हणाला, डबी आणि तबकडी आपलीच आहे असं मादाम शपथेवर सांगतात. पण शहरातल्या घड्याळजीनं मागचं झाकण उघडलं आणि तो हसायलाच लागला. आत सगळी खिचडी आहे. खालच्या पट्टीवर एक आकडा, वरच्या पट्टीवर दुसराच, चाकं तिसऱ्याच कुठल्या मशीनची. काटेसुद्धा जोडीचे नाहीत, तासाचा निळा आणि मिनिटाचा काळा. "सोन्याच्या डबीत हे भंगार कुणी भरलं, ते मला हवंय," तो म्हणाला आणि शिंकला.

युलिसनं घड्याळ हातात घेतलं, अंगठा फिरवला, हलवून कानाशी धरलं. दोन वर्षं झाली, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. हात मात्र अजून तसेच होते, शांत आणि कोरडे. हे माझं मशीन नव्हे, एवढं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "माझे डोळे गेले, साहेब. सुनेला दाखवा. तिच्याइतकी नजर या खोऱ्यात कुणाची नाही."

ओदीलनं मागचं झाकण उघडलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

ते मशीन तिचंच होतं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा म्हाताऱ्यानं तिला हे काम शिकवलं. शिकाऊ हातात चांगलं मशीन कोण देतो? त्यानं भंगारातले सुटे भाग दिले, इथली पट्टी, तिथली चाकं, आणि म्हणाला, जोड. तिनं जोडलं. स्प्रिंगचं बाहेरचं टोक वाकवताना तिचा चिमटा दोनदा घसरला आणि टोकाला दुहेरी पीळ पडला. म्हातारा पोट धरून हसला होता. 'ही स्प्रिंग आहे की शेळीची शेपटी?' पुढं कितीतरी दिवस त्या शेपटीवरून घरात तिची थट्टा चालली होती. ती शेपटी आता भिंगाखाली होती, एका मेलेल्या मुलीच्या मनगटावरून आलेल्या घड्याळात.

आणि ते मशीन तंबाखूच्या जुन्या डब्यात पडलेलं असायचं. डबा याच टेबलाच्या खालच्या खणात. तिचा गुडघा या क्षणी त्या खणाला टेकलेला होता.

"काय दिसतंय, मादाम?" जाकोनं विचारलं.

"सांगता येत नाही," ओदील म्हणाली. आवाज आपलाच आहे की दुसऱ्या कुणाचा, तिला कळेना.

जाकोनं घड्याळ पुन्हा पुडीत बांधलं. शनिवारी बोर्तोलो न्यायाधीशापुढं उभा राहील, एकदा तिथं गेला की त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, असं त्यानं सांगितलं. "हे घड्याळ कुणाच्या तरी टेबलावर उघडलं गेलंय. ते टेबल सापडलं नाही तर तो पोरगा आयुष्यभर आत राहणार."

२

म्हातारा दुपारी डुलकी घेत होता तेव्हा ओदीलनं खण ओढला. डबा होता तिथंच होता. तिनं तो कागदावर उपडा केला आणि चाळला. पट्ट्या, चाकं, स्क्रू, काट्यांचे जुडगे, सगळं होतं. शेळीची शेपटी नव्हती.

तिनं पुन्हा चाळला. भीतीनं माणूस असंच करतो, नाही म्हणून कळलेलं तीन-तीनदा बघतो. मग तिनं डबा भरून जागेवर ठेवला आणि खण लावला.

या घरात माणसं तीन. आपण तर नाही. म्हाताऱ्याला समोरचा चेहरा धड दिसत नाही. उरला आर्मां. आणि आर्मांचं कामच मुळी मशीन डबीत बसवणं, वर तबकडी लावणं, काटे लावणं. कारखान्यात दिवसभर तो दुसरं काही करत नसे.

तिला नको नको ते आठवायला लागलं. सुगीच्या जत्रेत आर्मां इल्देबरोबर नाचला होता, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तेव्हा ओदीलच्या मावशीनं डोळे वटारले होते आणि ओदील हसली होती. नोव्हेंबरात ती त्याच मावशीच्या मातीला दुसऱ्या गावी गेली होती, परत आली तर इल्दे नाहीशी झाल्याची बातमी. आर्मांनं हिवाळाभर धड जेवण घेतलं नव्हतं. देवळातल्या गाण्याच्या मंडळात जायचं त्यानं सोडलं होतं. तिनं विचारलं तर घसा बसलाय म्हणायचा. सहा महिने कुणाचा घसा बसतो?

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. सूप, पाव, सुकवलेलं सॉसेज. आर्मां पाव कापत होता, आणि ओदीलची नजर त्याच्या हातातल्या सुरीवरून हलेना. या माणसाबरोबर आपण नऊ वर्षं एका पांघरुणात झोपलो, असं तिच्या मनात आलं.

"इन्स्पेक्टर आला होता म्हणे," आर्मां म्हणाला. "काय विचारत होता?"

ओदीलनं घड्याळाचं सांगितलं, वरवर. आत भंगार होतं, एवढंच. आर्मांचा चेहरा पावाच्या पिठासारखा पांढरा पडला.

"तू काही ओळखलंस का?"

"नाही."

त्यानं मान डोलावली आणि सुरी खाली ठेवली. म्हातारा मध्येच म्हणाला की सूप आज खारट झालंय, आणि विषय तिथंच राहिला. ओदीलनं उगीच मनगटाकडे पाहिलं. हातावरचं पोलादी घड्याळ तिला नवीन वर्षाला घरातूनच मिळालं होतं. 'मशीन माझं, डबी आर्मांची,' असं म्हाताऱ्यानं तेव्हा सांगितलं होतं, मशीन म्हणे डोळे जायच्या आधी घडवून ठेवलेलं, आणि आर्मांनं ते तिच्या हातावर बांधलं होतं. चाल इतकी अचूक, की देवळातलं घड्याळ ती त्यावरून तपासत असे. तिनं चावी दिली आणि भांडी आवरायला उठली. रात्री झोपताना तिनं आपली उशी भिंतीकडे सरकवली. आर्मांनं का म्हणून विचारलं नाही, आणि त्याची तिला आणखीच भीती वाटली.

३

सकाळी ती पाव आणायला गेली. बेकरीसमोर, चौकातल्या पाण्याच्या हौदापाशी काळ्या कपड्यांतली एक ठेंगणी बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पायांत पुरुषी बूट. इल्देची आई. मुलीला न्यायला इटलीतल्या बेर्गामोहून आली होती आणि कागदपत्रं होईपर्यंत तिला कुणी खोली दिली नव्हती. बेकरीणबाई म्हणाली, चोराची आई ती, तिला कोण ठेवून घेणार. ओदीलनं आपला अर्धा पाव नेऊन तिच्या मांडीवर ठेवला. त्या बाईला इथली भाषा येत नव्हती. तिनं ओदीलचं मनगट धरलं आणि एकच नाव पुन्हा पुन्हा घेतलं, 'बोर्तोलो, बोर्तोलो', आणि मान हलवली. नाही, नाही. मुलगी तर गेलीच होती. आता ती जावयासाठी पदर पसरत होती.

ओदीलनं हात सोडवून घेतला. वळली तर समोर जाको रुमालात नाक खुपसून उभा.

तो तिच्याबरोबर चालू लागला. त्याला प्रश्न विचारायचा नव्हता, असं त्याचंच म्हणणं. त्याला स्वतःशी बोलायचं होतं आणि एकट्यानं बोललं की लोक हसतात. "बघा," तो म्हणाला, "चोर घड्याळ चोरेल आणि विकेल. आतलं मशीन काढून दुसरं घालून तेच पुन्हा हातावर बांधणारा चोर मी तरी पाहिला नाही. म्हणजे ते तिनं बांधलं नाही. कुणीतरी तिच्या हातावर बांधलं. का, तर ती युलिसच्या घरापर्यंत पोचलीच नाही, घड्याळ हातावर मिरवत रानातून पळाली, असं दिसावं म्हणून. इथवर मला पटतं. पुढं अडतं. तिला चोर ठरवायचं तर घड्याळ आहे तसं बांधायचं. मशीन बदलायचा उपद्व्याप कशाला? त्या एका गोष्टीनं तर मला संशय आला. इतका हुशार माणूस एवढी मूर्ख चूक का करतो?"

ओदीलला उत्तर माहीत होतं. या खोऱ्यात जन्मलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. जाको पडला खालच्या द्राक्षमळ्यांतला. इथं मूल चालायला लागायच्या आधी शिकतं की चालणारं मशीन फेकायचं नाही. डबी मोडा, सोनं वितळवा, तबकडी भिरकावून द्या, पण आतलं चालत असेल तर ते जपायचं. एकदा बाजार बुडाला तेव्हा लोकांनी टेबलं जाळून थंडी काढली, पण मशीनं कापसात गुंडाळून ठेवली. आणि ते मशीन तर ओल्या बर्फात कायमचं गाडायचं होतं. कुठल्या कारागिराचा हात धजेल?

"त्याला ते बुडवता आलं नसेल," ती बोलून गेली.

जाको थांबला. "म्हणजे ते अजून आहे?"

"असेल." ती म्हणाली. "ठेवलं असेल त्यानं. कापसात ठेवून देण्यासारखं नव्हे ते. कुणाच्या तरी हातावर असेल. चालत."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि पाठोपाठ त्यांचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला. तिनं पावाची पिशवी छातीशी धरली, डावं मनगट तिच्याखाली लपवलं, आणि घरी दूध उतू जाईल असं काहीतरी पुटपुटून वाट धरली.

४

गावाच्या टोकाला कपडे धुवायची जागा आहे, वर छप्पर, आत दगडी हौद. त्या वेळी तिथं कुणी नसतं. ओदीलनं घड्याळ हातावरून सोडलं आणि खिशातली छोटी सुरी झाकणाच्या फटीला लावली.

मग ती थांबली. त्या खोऱ्यातला हा दुसरा नियम: ज्यानं घड्याळ बसवून दिलं, त्याच्या हयातीत ते दुसऱ्यानं उघडायचं नाही. उघडणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं की तुझ्या हातावर माझा भरवसा नाही. म्हणून तर नवीन वर्षापासून तिनं ते कधी उघडलं नव्हतं, आणि देणाऱ्यालाही ते ठाऊक होतं. लपवायला याहून चांगली जागा पृथ्वीवर नव्हती. तिनं सुरी दाबली आणि झाकण टक्कन उघडलं.

पट्ट्यांच्या कडा आरशासारख्या होत्या. जेंशन या डोंगरी रानफुलाच्या वाळक्या काडीनं त्या तशा घासणारा गावात एकच माणूस होता. आणि फिरत्या चाकावरच्या पट्टीवर कोरलेलं जेंशनचं फूल, पाकळ्या उघडलेल्या. मादामच्या मशीनवर आपण एक फूल कोरलं, आयुष्यात पुन्हा कोरलं नाही, हे म्हातारा दर नवीन वर्षाला दोन पेले चढवून सांगत असे. ओदीलनं ते फूल आज पहिल्यांदा पाहिलं. इतके महिने ते तिच्या नाडीवर टिकटिकत होतं, आणि ज्या मुलीमुळं ते इथं आलं ती बर्फात होती. ती हौदाच्या काठावर बसली आणि गार पाणी तोंडावर मारलं.

मशीन माझं, डबी आर्मांची. दोघांपैकी एक. की दोघं मिळून?

तिनं स्वतःला दटावलं. रडू नकोस, ओदील, बघ. डोळे आहेत ना, मग बघ. त्या घड्याळात काय होतं? डबी मादामची. तबकडी मादामची. मशीन शेळीच्या शेपटीचं. तासाचा काटा मादामचा, निळा. मिनिटाचा काटा मादामचा बसला नसणार, कारण भंगार मशीनची दांडी जाड होती. म्हणून डब्यातून दुसरा शोधला, निळ्याला जोड म्हणून. आणि लावला काळा.

आर्मां काळा लावेल?

आर्मां दिवसाला शेकड्यानं काटे लावतो. निळ्यातसुद्धा जांभळट निळा आणि आकाशी निळा तो वेगळे काढतो, जोड जमली नाही तर शिव्या देतो. त्याला झोपेतून उठवून लावायला सांगितलं तरी त्याचा हात निळ्याशेजारी काळा काटा लावणार नाही. ते ज्यानं लावलं त्याला ते दोन्ही एकाच रंगाचे दिसले होते.

तिला आधी आर्मांसाठी हायसं वाटलं आणि लगेच शरमही वाटली. नऊ वर्षांच्या नवऱ्यावर एका रात्रीत खुनाचा आळ घेतला होता तिनं. मग दुसरं नाव मनात आलं आणि ती पहिल्यापेक्षा जास्त घाबरली. हातात पहिला चिमटा ज्यानं दिला, ताप आला की उशाशी जो बसला, बापाच्या जागी जो होता, तो. तिचा विश्वास बसेना. बसू नये अशी तिची फार इच्छा होती.

५

घरी शेगडी पेटलेली होती. म्हातारा खुर्चीत, पायाशी शिवणाची टोपली. ओदीलनं कोट काढला, एप्रन घेतला, आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली की एप्रनची शिवण उसवलीय. "बाबा, त्या टोपलीतलं काळं रीळ देता का?"

टोपलीत वर दोनच रिळं होती, एक काळं, एक गडद निळं. म्हाताऱ्यानं वाकून दोन्ही हातात घेतली, खिडकीकडे धरली, जवळ नेली. मग विचार करून एक पुढं केलं. निळं.

ओदीलनं ते घेतलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर कदाचित निभावलं असतं, पण ती क्षणभर जास्तच गप्प राहिली.

"चुकीचं दिलं ना मी," युलिस म्हणाला.

तो उठला. त्या खोलीत त्याला डोळ्यांची गरज नव्हती. तो सरळ दारापाशी गेला, किल्ली फिरवून मुठीत घेतली, आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. "तुझ्या हातावर घड्याळ नाही, पोरी. तू आत आलीस तशी मला टिकटिक ऐकू आली नाही. कुठंय ते?"

झग्याच्या खिशात रुमालात होतं. ओदीलला ओरडावंसं वाटलं, पण शेजारचं घर लांब होतं आणि आर्मां संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. टेबलावर कोरायच्या सळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि त्या तिच्यापेक्षा त्याच्या हाताला जवळ होत्या. तिनं खुर्चीची पाठ धरली.

त्यानं स्वतःहूनच सांगितलं. कदाचित कुणाला तरी सांगायची त्यालाही घाई झाली असेल. इल्दे घड्याळ घेऊन आली होती, घरात तो एकटाच होता. तिनं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि रडत सांगितलं की ती आर्मांपासून गरोदर आहे. बोर्तोलोला सांगून टाकलंय, म्हणून तर रस्त्यात भांडण झालं. आता ओदीलला सांगणार, मगच जाणार. म्हाताऱ्यानं तिची समजूत घातली, चल, तुला रानातल्या वाटेनं पोचवतो म्हणाला. खड्ड्याच्या काठाशी ती पुन्हा म्हणाली, मी ओदीलला सांगणारच.

"माझा पाय घसरला, हात लागला, असलं काही मी सांगणार नाही," तो म्हणाला. "मी ढकललं. तुझं घर मोडत होतं."

"माझ्या घराचं नाव घेऊ नका."

"आर्मांला काही माहीत नाही. डबी त्यानं रिकामीच आणून दिली, मशीन बसवलं मी. तो समजत होता ती त्याला टाकून गेली. ती सापडल्यापासून तो घाबरलाय, आपलं नाव निघेल म्हणून." घरी आला तर घड्याळ टेबलावर तसंच होतं, त्यानं सांगितलं. कुणी पाहिलं असतं तर ती इथं येऊन गेली हे कळलंच असतं. म्हणून मशीन बदललं, हातांच्या अंदाजानं, आणि परत गेला. तरुणपणी तो त्या खड्ड्यात बर्फ कापायला उतरत असे, तिथल्या लोखंडी शिड्या त्याला पाठ होत्या. उतरला आणि तिच्या हातावर घड्याळ बांधलं.

ओदीलला एकदम जाणवलं की आता आपण जे विचारणार आहोत ते विचारू नये. तरी तिनं विचारलं. "किती वेळानं गेलात?"

"तासाभरानं."

"मनगट गार होतं का तिचं?"

म्हाताऱ्यानं अंगठा बोटांवर फिरवला. शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळांचे ठोके मोजलेला माणूस तो. बोटाखाली काय आहे हे त्याला कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

"गार नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "ठोके होते. हळू."

ओदीलनं तोंडावर हात दाबला. "मशीन बंद पडेल म्हणून तुमचा जीव कळवळला," ती म्हणाली, "आणि ती पोरगी चालत होती, बाबा. तिला तिथं टाकून आलात."

त्यानं हात पुढं केला. आवाज मऊ होता आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "ते घड्याळ दे. ते गेलं की काही उरत नाही. तुझ्या तोंडच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल? आणि ठेवला तर आर्मां गावात तोंड दाखवू शकणार नाही. तो गवंडी परका आहे, ओदील. आपलं कोण लागतो?"

शेगडीचं तोंड उघडं होतं आणि आत निखारे लाल होते. दार त्याच्या पाठीमागं, किल्ली त्याच्या मुठीत. सळ्या टेबलावर. चौकात एक बाई पुरुषी बूट घालून बसली होती आणि शनिवार परवावर आला होता. बोर्तोलोला वाचवू शकणारी गोष्ट ओदीलच्या खिशात होती. ती हिसकावून घ्यायला या म्हाताऱ्याला फार वेळ लागला नसता.

तिनं रुमाल काढला. घड्याळाला चावी दिली, पूर्ण. पोलादी डबीतून मशीन अलगद सोडवलं आणि त्याच्या उघड्या तळहातावर ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "शेगडी तुमच्या डाव्या हाताला आहे. टाका."

तो शेगडीजवळ गेला. वाकला. निखाऱ्यांची धग त्याच्या चेहऱ्यावर लाल दिसत होती. तळहातावर मशीन चालत होतं, तो आवाज आता तिलाही ऐकू येत होता, किंवा तिला तसं वाटलं. त्यानं हात आत नेला, बाहेर घेतला, पुन्हा नेला. ओदील श्वास धरून उभी होती. तो टाकणार अशी तिची खात्री झाली होती, आणि बोर्तोलोच्या आईला आपण काय तोंड दाखवणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बोर्तोलोची आई नव्हे, इल्देची. तिला तेवढंही धड आठवत नव्हतं.

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. मशीन कानाशी धरलं आणि तो खुर्चीत बसला. बसल्या बसल्या त्याची मूठ सुटली आणि किल्ली जमिनीवर पडली. तो रडत नव्हता, नुसता ऐकत होता.

खूप वेळानं त्यानं कोट मागितला. पायऱ्या दिसत नाहीत म्हणून त्याला हात द्यावा लागला. ओदीलनं दिला, आणि तो हात धरताना तिच्या अंगावर शहारा आला, पण तिनं सोडला नाही. पंचायतीच्या कचेरीत जाको कागद पसरून बसला होता. म्हाताऱ्यानं काही न बोलता मशीन त्याच्यापुढं ठेवलं. मग सगळं सांगितलं, घरी सांगितलं त्याच क्रमानं, मनगटापर्यंत. जाको लिहून घेत होता आणि पूर्ण वेळात एकदाही शिंकला नाही.

सही झाल्यावर जाकोनं मशीन लिफाफ्यात घातलं, तोंड चिकटवलं, वर लाख ओतली. म्हाताऱ्यानं मान वर केली.

"त्याला रोज चावी द्यावी लागते," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत बंद पडेल. कोण देईल?"

जाको ओदीलकडे पाहू लागला.

"कुणी नाही, बाबा," ती म्हणाली. "आता ते बंद पडू दे."